शांघायचं माहेर

दिवाळीचे दिवे विझले की बारामतीच्या कालव्याकडेच्या त्या मळ्यातलं घर रिकामं व्हायला लागे. आधी थोरली जाऊ कुशाबाई निघायची. तिचा भाऊ पणदऱ्याहून गाडी घेऊन यायचा, ओसरीवर बसून आपल्याला फार घाई असल्याचं सांगायचा आणि दुपारच्या जेवणापर्यंत हलायचा नाही. मग धाकटी जाऊ अंथुर्ण्याला जायची. मधली प्रयागबाई दारात उभी राहून दोघींना वाटेला लावायची आणि आत येऊन तिघींचं काम एकटी उपसायची. तिला न्यायला कुणी येत नसे.

माहेर म्हटलं की आपल्याकडच्या बायकांचा ऊर भरून येतो. खरं सांगायचं तर त्यात निम्मी गोष्ट आळसाची असते, पण तसं कुणी बोलत नाही. चार दिवस उशिरा उठायचं, आयतं जेवायचं, सासूची नक्कल करून आईला हसवायचं. वर्षभर चुलीपुढे वाकलेल्या बाईचा एवढा हक्क आहेच. प्रयागबाईचा तो हक्क एकोणीसशे अठराच्या मानमोडीच्या, म्हणजे जीवघेण्या तापाच्या, साथीत बुडाला. त्या साली पळसदेवला तिचे आई आणि बाप एकाच आठवड्यात गेले. भीमेकाठचं घर भावकीनं वापरायला घेतलं. उरला धाकटा भाऊ रामहरी, मिसरूड न फुटलेला. तो बहिणीकडे आला, थोडे दिवस राहिला. भावानं बहिणीच्या घरचं किती खायचं, असं कुणी त्याला म्हणालं नाही. पण तो जेवायला बसला की बोलणं थांबायचं, तेवढं त्याला समजलं. तो मुंबईला गेला, एका पारशी शेटच्या सुताच्या गुदामात लागला, आणि शेटचा माल जिथे जायचा त्या शांघायला एकदा मालाबरोबर गेला तो तिथलाच झाला. वर्षातून दोन कार्डं यायची. मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे. बस.

आणि एकोणीसशे पस्तीसच्या पावसाळ्यात अचानक त्यानं लिहिलं, की या थंडीत आक्का आणि दाजी, तुम्ही दोघं या. जाण्यायेण्याची व्यवस्था शेटच्या पेढीतून होईल. थोडेच दिवस राहा, पण चार शहरं दाखवीन.

प्रयागबाईचा नवरा महिपतराव हा मोसंबी आणि भाजीपाला करणारा माणूस. हात मातीत आणि जीभ आभाळात. त्याच्या बोलण्यातून निम्मं वजा करावं आणि उरलेलं चाळून घ्यावं, असं त्याचे सख्खे भाऊ म्हणत. पत्र वाचून झालं तेव्हाच तो मनानं बोटीत चढला होता.

"अगं, चीन म्हंजी काय समजलीस तू? तितं कोबीचा गड्डा बैलगाडीत एकच मावतो."

"तुमाला कुणी सांगितलं?"

"कोण कशाला सांगाया पायजे? देशच मोठा हाय."

प्रयागबाईला चीनचं काही पडलं नव्हतं. पोरं कुशाबाईच्या हवाली करताना ती एवढंच म्हणाली, "मी रामाला घिऊन येणार हाय. आई-बाप न्हाईत, घर न्हाय, तरी भाऊ हाय न्हवं? तो हितं यिऊन ऱ्हायला की मलाबी माहेर झालं."

कुशाबाई हसली. "बाकीच्यांना माहेर न्यायला येतं. तू माहेराला आणाया निघालीस, ते बी चीनातनं. बघ बाई, कोबीबरुबर त्याला बी गाडीत घाल."

दौंडपर्यंत छोटी गाडी, तिथून मुंबई, आणि मग बोट. बोटीवर महिपतरावाची जीभ पहिल्यांदाच बंद झाली, कारण पोटात काही ठरेना. प्रयागबाई डेकवर पदर कानाशी घट्ट धरून बसायची आणि भावाला काय काय म्हणायचं ते जुळवायची. रागवायचं आधी, की गोंजारायचं आधी, हे काही तिचं ठरत नव्हतं.

हाँगकाँगच्या धक्क्यावर न्यायला आलेल्या रामहरीवरून तिनं दोनदा नजर फिरवली आणि पुढे पाहत राहिली. पायघोळ काळा कोट, डोक्याला टोपी नव्हे, सायबाची हॅट. त्यानं मात्र तिला लांबूनच ओळखलं. त्या अख्ख्या बोटीत नऊवारी लुगडं एकच होतं. तो पाया पडायला वाकला तशी हॅट गडगडली. ती हसली, आणि हसता हसता तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. रामहरी अर्धं पाऊल मागे सरला. लगेच पुन्हा पुढे आला, पण सरला तो सरलाच.

"वाळलास की रे."

"थंडी हाय, आक्का. शाल घे."

त्याच दिवशी त्यानं त्यांना डोंगरावर नेलं. दोरानं वर ओढायची गाडी, इतकी उभी चढणारी की खालची घरं एका अंगावर कलंडल्यासारखी दिसावीत. महिपतराव पुढचा बाक दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "मेव्हणं, दोर तुटला तर?"

"तुटत न्हाय, दाजी."

"तुटत न्हाय ते ठीक. पर तुटला तर?"

वर वारा बोचत होता. खाली खाडी, खाडीत बोटीच बोटी. प्रयागबाईनं भावाच्या कोटाची बाही धरली. "रामा, मला तुझ्याशी बोलायचं हाय."

"तितं बघ, आक्का. ती पांढरी बोट दिसती का? त्याच बोटीनं उद्या शांघायला जायचं."

तिनं बोट बघितली.

शांघायला त्यानं त्यांना पेढीच्या पाहुण्यांसाठी असलेल्या खोलीत उतरवलं. खोली ऐसपैस, खाली गालिचा, भिंतीत शेगडी. प्रयागबाईनं गाठोडं उघडलंच नाही. "तुझ्या घरी का न्हाय?"

"घराला रंग द्यायचं काम चाललंय. वास येतो."

आणि मग तो त्यांना शहर दाखवत सुटला. नदीकाठच्या दगडी पेढ्या, त्यांच्या घड्याळाचा तो टोल, ट्रामगाड्या, माणसानं ओढायच्या रिक्षा. रिक्षात बसायला प्रयागबाई तयार होईना. माणसाच्या खांद्यावर बसून जायला मी काय मेलीय का, असं तिनं विचारलं. मग तिघं चालायची. तिच्या नाकातल्या नथीकडे आणि कपाळावरच्या कुंकवाकडे बघत पोरांची रांग मागून यायची. एका मोठ्या दुकानात विजेवर वरखाली होणारा पाळणा होता. महिपतराव त्यात बसून वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. पाळण्याचं दार उघडणारा मुलगा शेवटी हसायला लागला.

"बारामतीत असा एक पायजे," महिपतराव बाहेर येऊन म्हणाला.

"कशाला? हायती ती घरं एका मजल्याची," प्रयागबाई म्हणाली.

"आधी पाळणा आला की मजलं आपोआप येत्यात."

रामहरी हसला. पण प्रयागबाईच्या लक्षात येत होतं, की तो हसण्याच्या जागी हसत होता. बोलण्याच्या जागी बोलत होता. ही इमारत अमुक साली झाली, हा पूल लोखंडाचा आहे, इकडून चला. सांगून झालं की त्याचं तोंड पेटीचं झाकण पडावं तसं मिटायचं. ती तोंड उघडायला गेली की कुठली ना कुठली इमारत आडवी यायची.

आणखी एक गोष्ट तिला खुपायला लागली. पळसदेवात देवळापासून पाणवठ्यापर्यंत जायचं म्हटलं तरी दर ओसरीला जाब द्यावा लागतो. कुठं निघालीस, कवा आलीस, कुणाची ही. जीव नकोसा होतो. इथे इतकी वर्षं राहिलेला माणूस गावभर हिंडत होता आणि त्याला कुणी हटकलं नाही. चहाच्या दुकानात नाही, ट्रामच्या नाक्यावर नाही, त्याच्या स्वतःच्या गुदामाच्या फाटकातही नाही. फाटकावरच्या दाढीवाल्या शीख पहारेकऱ्यानं त्याच्याकडे बघितलं आणि दार उघडलं. राम राम नाही, सत श्री अकाल नाही. हे आपले पाहुणे का, असं कुणी एका शब्दानं विचारलं नाही.

महिपतरावाची गोष्ट उलटी. त्याला शहराच्या कडेची शेती बघायची होती म्हणून एक सकाळ तिकडे काढली. गार जमीन, त्यात मुळे, लसूण, हिरव्या पानांची लांबट कोबी. दोन म्हातारे बांबूच्या कावडीतून मैल्याचं सोनखत नेऊन ओळीला घालत होते. महिपतराव बांधावर उकिडवा बसला, माती उचलली, हुंगली, आणि त्यातल्या एका म्हाताऱ्याला चक्क मराठीत म्हणाला, "आबा, ह्यात राख घालता का?"

म्हाताऱ्यानं त्याच्या भाषेत काहीतरी उत्तर दिलं. महिपतरावानं मान हलवली. "तेच म्हणतुया मी. पाणी किती दिसानं?" म्हाताऱ्यानं बोटं दाखवली. ह्यानं आपली बोटं दाखवली. दोघं हसले. म्हाताऱ्यानं त्याचा मुंडाशाचा शेव हातात घेऊन कापड चोळून बघितलं, प्रयागबाईकडे हात करून काहीतरी विचारलं, महिपतरावानं "व्हय, मंडळी" म्हणून सांगितलं. निघताना म्हाताऱ्यानं एक गड्डा उपटून त्याच्या काखेत दिला. गड्डा काही बैलगाडीएवढा नव्हता, पण पुढे बारामतीत तो झाला.

हे सगळं होईपर्यंत रामहरी कावडींच्या पलीकडे उभा होता. त्याला ती भाषा येत होती. त्यानं एक शब्द दोन्हीकडे पोहोचवला नाही. खिशातून घड्याळ काढून बघितलं, परत ठेवलं. प्रयागबाईनं आपल्या नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. या बडबड्याला एका सकाळीत जेवढं कुणी विचारलं, तेवढं माझ्या भावाला इथे जन्मात कुणी विचारलेलं नाही.

तरी तिला वाटलं, की हेच तर आपल्या पथ्यावर आहे. ज्याला इथे कुणी नाही तो यायला नाही कशाला म्हणेल? आता फक्त धरून बसवायला पाहिजे.

पण दुसऱ्या दिवशी तो आगगाडीची तिकिटं घेऊन आला. हांगचौला जायचं, तिथलं तळं नामांकित. तळं नामांकित असेल. थंडीत होतं ते नुसतं राखाडी पाणी. काठाच्या झाडांना पान नाही, धुक्यात पलीकडचा काठ नाही. एका बाईनं चालवलेल्या होडीत तिघं बसली. महिपतराव पाण्यात हात घालून किती खोल असेल त्याचा अंदाज करत होता.

"आक्का, तो बघ मनोरा. तो लई जुना हाय. आन् त्या बेटावर—"

"रामा, पुरे."

"काय झालं?"

"मी तळी बघाया आले न्हाय. मनोरं बघाया आले न्हाय. पंधरा दिस झालं, तू मला गाईडावानी फिरवतुयास. जत्रंला आलेल्या माणसाला बी कुणी म्हणतं, बाई, बस, घटकाभर टेक. तुझ्या घराचा रंग वाळला असंल तर मला घरी ने. न्हाय वाळला तरी ने. मी माहेराला आलीया."

होडीवालीला शब्द कळले नाहीत पण सूर कळला. ती वल्हं थांबवून रामहरीकडे बघायला लागली. महिपतरावानं पाण्यातून हात काढून धोतराला पुसला.

"उद्या नेतो," रामहरी म्हणाला.

रंगबिंग काही नव्हतं. गुदामामागच्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर एक खोली. एक लोखंडी खाट, एक स्टूल, खिळ्याला एक कोट. एक ताट, एक वाटी, एक पेला, एक पातेलं. तांदळाचा एक डबा. सगळं लख्ख घासलेलं. गरिबी म्हणावी तर तीही नव्हती. पगार बरा होता, घेता आलं असतं. दुसरं काही लागलंच नव्हतं. प्रयागबाई दारातच उभी राहिली. तिला वाटलं होतं, कुणी चिनी बाई लपवली असेल, पोरं असतील, म्हणून घर दाखवत नाही. वाटेनं तिनं मनाची तयारीही केली होती, की असली तर असली, तिच्यासकट घेऊन जाऊ. बाई असती तर किती बरं झालं असतं!

"बस, आक्का," तो म्हणाला आणि स्टूल पुढे केलं. मग स्वतः खाटेवर बसला. महिपतरावाला बसायला काही उरलं नाही. त्यानं खोलीवर नजर फिरवली. "मी खाली गल्ली बघून येतो," म्हणून तो जिना उतरला.

"रामा, मी तुला न्यायला आलीया."

"ठावं हाय मला."

"कवापासनं?"

"तू हाँगकाँगला उतरलीस तवापासनं. म्हणून तर एवढी गावं दाखवली."

तोच पुढे म्हणाला, "तितं येऊन काय करू, आक्का?"

"समदी करत्यात ते. मळ्यात काम हाय, दाजींना माणूस पायजेच. न्हायतर बारामतीत गुळाच्या अडतीवर लाग. घर बघू. लगीन कर. म्हातारा झाला न्हाईस अजून."

"रागावणार न्हाईस न्हवं?"

"बोल."

तो आपल्या हातांकडे बघत बोलू लागला. "तुमी आल्यापासनं मी लई दमलोय. चालून न्हाय. बोलून. कामावर माझं बोलणं किती, तर गाठी कुठल्या, जहाज कुठलं. खोलीवर आलो की तोंड मिटलं ते सकाळपातूर. पयल्यांदा लई जड गेलं. भिंतीशी बोलायचो. पळसदेवच्या एकेकाचं नाव घिऊन त्याच्याशी बोलायचो. मंग कवातरी जड वाटायचं थांबलं. कवा ते बी कळलं न्हाय. आता तू समोर बसलीस, तर मला बरं वाटतंय, खरंच वाटतंय. पर आत कुठंतरी तू कवा उठशील ह्याची वाट बी बघतोय मी. तितं आलो तर जो तो इचारंल. कवा आलास, कुठं निघालास, जेवलास का. रोज. मला न्हाय जमायचं, आक्का."

"मंग बोलावलंस कशाला?"

"वाटलं हुतं, जमंल."

राग आला असता तर प्रयागबाईला सोपं गेलं असतं. भांडायची तिला सवय होती, मन वळवायचीही. पण समोरचा माणूस हट्ट करत नव्हता. पाय मोडलेला माणूस जसा सांगतो, मला चालता येत नाही, तसं तो सांगत होता. तिनं उठून कोपऱ्यातल्या स्टोव्हकडे हात नेला, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

"तू बस," तो म्हणाला. "माहेरी आलीयास."

मग ती बसली. त्यानं शीख पहारेकऱ्यांसाठी चालणाऱ्या दुकानातून हरभऱ्याचं पीठ आणून ठेवलं होतं. किटली घेऊन तो नाक्यावरच्या गरम पाण्याच्या दुकानात गेला. त्या गावात उकळलेलं पाणीही विकत मिळतं. वरून ती बघत होती. दुकानदारानं मान वर न करता हात पुढे केला, किटली भरली, परत दिली. रामहरीनं भात केला, पिठलं केलं. पिठल्यात गुठळ्या झाल्या. ताट एकच, म्हणून आधी तिला वाढलं, मग ते धुऊन गल्लीतून परतलेल्या महिपतरावाला, मग धुऊन स्वतःला. मानमोडीच्या सालापासून तिला कुणी असं आयतं वाढलं नव्हतं. ती सावकाश जेवली. गुठळ्यांसकट जेवली. पुन्हा मागून घेतलं.

निघताना तिच्या ध्यानात आलं, की ओटी भरायला इथे बाईमाणूस नाही. त्यानं रेशमाचं कापड आणलं होतं, दुकानदारानं बांधून दिलं तसंच, सुतळीसकट, आणि ते त्यानं महिपतरावाच्या हातात दिलं. माहेरवाशीण रिकाम्या ओटीनं निघत नाही. प्रयागबाईनं स्वतःच डबा उघडला, मूठभर तांदूळ काढले आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

रामहरी बघत होता. "बोटीत भात मिळतो, आक्का," तो म्हणाला.

"मिळतो की," ती म्हणाली.

बोट सुटली तेव्हा तो धक्क्यावर उभा होता, हॅट हातात धरून. हात हलवायचा असतो हे त्याला उशिरा सुचलं. महिपतराव बायकोशेजारी कठड्याला टेकून उभा राहिला. त्या परतीच्या प्रवासात त्याला एकदाही मळमळलं नाही, पण तरी तो फारसा बोलला नाही.

बारामतीला पोचली तोवर संक्रांत उलटून गेली होती, पण रथसप्तमी यायची होती. हळदीकुंकवाला आळीतल्या बायका लोटल्या. तिळगूळ घेण्यात कुणाला रस नव्हता, चीन ऐकायचा होता. तिथल्या बायकांचे पाय खरंच एवढुसे असतात का, ते लोक उंदीर खातात का, बर्फ पडला का. प्रयागबाईनं जमेल तसं सांगितलं. मग शेजारची शकुबाई, जिला दुसऱ्याच्या घरातलं मडकं कुठे चिरलंय ते आधी दिसायचं, तिनं विचारलं, "ते ऱ्हाऊ दे. माहेरपण कसं झालं ते सांग. भाऊ तर काय आला न्हाय दिसत. भावजय तरी हाय का?"

कुशाबाईनं जावेकडे पाहिलं. थोरलीला ठाऊक होतं, ही काय आणायला गेली होती आणि काय घेऊन आली.

प्रयागबाई खोटं बोलणारी बाई नव्हती. घरात तेवढं करायला नवरा होता. पण तिच्या डोळ्यांपुढे ते एक ताट आलं, ते एक स्टूल आलं, आणि या बायका आपल्या भावाला 'अरे बापरे, बिचारा' म्हणतील हे तिला सोसेना.

"हाय की," ती म्हणाली.

"चिनी?"

"छ्या. आपलीच. मुंबईकडली."

"नाव काय?"

"भिवरा." जे तोंडाला आलं ते नाव, तिच्या गावच्या भीमा नदीचं.

"मंग? कशी हाय?"

"मला काडी उचलू दिली न्हाय. उठायला गेले की म्हणायची, तुमी बसा, माहेरी आलाय. पिठलं करून घातलं. ओटी भरली." बोलता बोलता तिचा आवाज सरळ होत गेला. ओसरीवर महिपतराव पानाला चुना लावत बसला होता. आत सगळं ऐकू जात होतं हे तिला तेव्हा आठवलं आणि ती थांबली. आता हा काहीतरी बोलणार.

बोललाच तो. बाहेरून आवाज आला, "आन् पिठल्यात गुठळी म्हणून न्हाय! मी आपलं चाटून पुसून खाल्लं."

त्या दिवसापासून प्रयागबाईला माहेर झालं. शांघायची भिवरा आळीला ठाऊक झाली. दिवाळीनंतर जावा निघाल्या की कुणीतरी म्हणायचं, "तुझं लांब पडतं बाई, न्हायतर तुझी भावजय काय सोडती व्हय!" प्रयागबाई मान हलवायची. भिवराला काय आवडतं, ती लुगडं कसं नेसते, घराला खिडक्या किती, हे वाढत गेलं. तिनं नाही वाढवलं तिथे महिपतरावानं वाढवलं. फक्त एक झालं. खऱ्या रामहरीबद्दल आता तिला कुणापाशी बोलता येईना. आधी निदान कुशाबाईपाशी रडता यायचं, भाऊ येत नाही म्हणून. आता भावाला संसार होता, रडायचं कशाला? नवऱ्याशी ती त्या खोलीबद्दल कधी बोलली नाही, आणि त्यानंही तो विषय काढला नाही. रामहरीची कार्डं येत होती. मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे.

सदतीसच्या श्रावणात वर्तमानपत्रात आलं, की शांघायवर जपान्यांनी तोफा डागल्या, बाँब पडले, रस्त्यात माणसांचे ढीग झाले. महिपतरावानं ते ओसरीवर मोठ्यानं वाचलं आणि मध्येच थांबला. कार्ड येऊन बरेच महिने झाले होते. दुपारपर्यंत आळीतल्या बायका जमल्या. त्या खरोखरच कळवळून आल्या होत्या, यात खोट काढण्यासारखं काही नाही. शकुबाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

"भिवराचं काय गं? काय कळलं का? तिला दिवस हुते न्हवं?"

दिवस महिपतरावानं कधीतरी देऊन ठेवले होते.

"कसं करत असंल बिचारी. परक्या मुलखात, दोन जिवाची."

"पळता तरी यील का तिला?"

प्रयागबाई सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. ती जळती गल्ली तिला दिसत होती. त्या गल्लीत एक माणूस होता, आणि या भरल्या घरातलं कुणी त्याचं नाव घेत नव्हतं. आता काही बोलावं तर सगळंच उसवणार.

"ती न्हाय तितं," ती म्हणाली. "आषाढातच माहेरी गेलीया. मुंबईला."

सगळ्या बायकांनी एकदम श्वास सोडला. देवानंच बुद्धी दिली म्हणायची. पहिलटकरीण माहेरीच बरी. कुशाबाईनं पदरानं डोळे टिपले आणि कुणीतरी सुपारी मागितली. रामहरीचं काय, असं एकीनंही विचारलं नाही. पुरुषमाणूस, बायको सुखरूप म्हटल्यावर तोही कुठेतरी असणारच.

घर मोकळं झाल्यावर महिपतराव आत आला. चुलीपासून जरा लांब, उभाच राहिला.

"कार्ड टाकू का त्याला?"

"पोचंल का?"

"पोचंल न पोचंल. टाकतो. काय लिवू?"

प्रयागबाईनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, मग तव्याखालच्या आरावर शेकायला उभी केली. तोवर महिपतराव थांबून राहिला.

"लिवा," ती म्हणाली, "आमी काय इचारत न्हाय. तू ये बी म्हणत न्हाय. लई लिवू नकोस, दमशील. हायस, एवढंच लिव."